बिनविरोध पादपंख

टेबलावर चार पादपंख होते : दोन डावे, दोन उजवे. टेबलाभोवती चौदा खुर्च्या होत्या आणि त्यांवर चौदा संचालक बसले होते. भिंतीवर घड्याळे दोन. त्यांच्यात चार मिनिटांचा फरक. चहाचे कप सोळा, बशा पंधरा. पोहता येणारा माणूस एक, आणि तो बाहेर कडुनिंबाखाली बसला होता, कारण तो संचालक नव्हता.

तारीख १९ मार्च १९७५. जागा, हिंगणटेक सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे कार्यालय. कराडहून कृष्णेच्या काठाकाठाने सांगलीकडे निघाले की डाव्या हाताला हे गाव लागते. संस्था नदीच्या डोहातून पंपाने पाणी उचलून शेतीला देत असे. मी तेथे तांत्रिक कारकून होतो. पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी. झालेला गावात मी एकटाच असल्यामुळे लोक मला नावाने न बोलावता 'बीएस्सी' म्हणत.

पंपाच्या पाइपचे तोंड डोहात सोळा फूट खोल होते आणि त्या तोंडाला जाळी बसवलेली होती. वर्षातून दोनदा जाळीवर शेवाळ धरे आणि पाणी यायचे बंद होई. मग गावातला आकाराम बुड्या मारून हाताने शेवाळ ओरबाडून काढी. आकाराम पन्नाशीचा होता. त्याला या कामाला साधारण आठ मिनिटे लागत. नंतर त्याला एक नारळ आणि चहा मिळे. संस्था स्थापन झाल्यापासून अकरा वर्षे हे असेच चालले होते आणि या पद्धतीत काही दोष आहे असे कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

१० मार्चला जिल्ह्याच्या एका कार्यालयातून परिपत्रक आले. कोठेतरी पाण्याखाली काम करणाऱ्या एका इसमाच्या पायाला काच लागली होती. त्यावरून असे ठरले होते की, 'पाण्याखालील देखभालीचे काम करणाऱ्या इसमास योग्य पादपंख पुरविल्याखेरीज सदर काम करू देऊ नये.' पादपंख म्हणजे काय हे कळावे म्हणून सोबत एक इंग्रजी पुस्तिका जोडली होती. तिच्यात एक परदेशी बाई निळ्याशार पाण्यात माशांच्या मागे चालली होती आणि तिच्या पायांत बदकाच्या पायांसारखे रबराचे लांब पंजे होते. चित्र तांत्रिक असल्यामुळे संचालक मंडळाने ते चाळीस मिनिटे पाहिले.

१२ मार्चला जाळी बंद झाली.

आकाराम सवयीप्रमाणे पंचा गुंडाळून डोहावर गेला. तेथे त्याला हरिबा दिसला. हरिबा लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाला होता आणि आता संस्थेचा रखवालदार होता. त्याच्या हातात काठी होती आणि मागे नवीन पाटी होती : 'पाण्यात अनवाणी उतरण्यास सक्त मनाई.' आकारामने पाटी वाचून घेतली आणि विचारले, "मग बूट घालून उतरू?"

"बुटाचं काय लिवलं न्हाई," हरिबा म्हणाला. "पर तू बी उतरू नगंस गड्या. मला लिहून द्यावं लागंल."

त्याच दिवशी दुपारी रंगूबाई कार्यालयात आली. तिचा नवरा लष्करात आसाम बाजूला होता आणि एक एकर ऊस ती एकटी सांभाळत होती. लागण ऑक्टोबरची. बहुतेक सभासदांच्या शेतात विहिरी होत्या, तिच्या शेतात नव्हती. संस्थेकडून पाण्याची पाळी बावीस दिवसांनी येई. तिची मागची पाळी २० फेब्रुवारीला झाली होती आणि पुढची परवावर आली होती. मी सायकलवरून तिच्या शेतात जाऊन नोंद घेतली : उसाची उंची तीन फूट चार इंच, प्रत्येक उसाला हिरवी पाने सरासरी नऊ.

येथे संस्थेची कार्यपद्धती सांगणे आवश्यक आहे.

संस्थेत दोन गट होते. एक चेअरमन नानासो यांचा, दुसरा व्हाइस चेअरमन लालासाहेब यांचा. संचालक सात आणि सात. हे दोन गट कशावरून पडले ते कोणालाच आठवत नव्हते, पण पडले होते हे सर्वांना आठवत होते. असे असूनही अकरा वर्षांत संस्थेने दोनशे छत्तीस ठराव केले होते आणि ते सर्व बिनविरोध झाले होते. विरोधी मते मी स्वतः इतिवृत्ते काढून मोजली. शून्य होती. पंचक्रोशीत या गोष्टीचा मोठा लौकिक होता.

लौकिकाचे रहस्य साधे होते. कोणतीही गोष्ट एक असेल तर तिच्या दोन करायच्या, आणि दोन होत नसतील तर तिचे दोन भाग करायचे. म्हणून कोनशिला दोन होत्या. फाटकाचे एक दार हिरवे होते, एक निळे. घड्याळे दोन होती; पंप नानासोंच्या घड्याळाने सुरू होई आणि लालासाहेबांच्या घड्याळाने बंद होई. शिपाई एकच असल्याने तो सोमवार ते बुधवार एका गटाचा असे आणि गुरुवार ते शनिवार दुसऱ्या गटाचा. रविवारी त्याला सुट्टी असे, आणि त्या दिवशी तो दोन्ही गटांबद्दल बोले.

पादपंख मिळवण्याचे कामही याच पद्धतीने झाले. नानासोंचा पुतण्या मुंबईला नौदलात होता, त्याने एक जोड पाठवला. लालासाहेबांचे साडू मुंबईच्या गोदीत होते, त्यांनीही एक जोड पाठवला. दोन्ही पार्सले एकाच एसटीने, एकाच टपावर, शेजारी शेजारी आली. १९ मार्चच्या सभेत टेबलावर होते ते हेच चार पादपंख. दोन्ही जोड एकसारखे असते तर ही हकीकत येथेच संपली असती.

ते एकसारखे नव्हते. पुस्तिका वाचून मी पुढीलप्रमाणे निवेदन केले. पादपंख दोन प्रकारचे असतात. तोंडात नळी धरून, पाण्याच्या वरवर पोहत खालचे पाहणाऱ्यांसाठी एक प्रकार; तो आखूड, मऊ आणि टाच झाकणारा असतो. पाठीवर हवेची टाकी बांधून खोल जाणाऱ्यांसाठी दुसरा. तो लांब आणि ताठ असतो, त्याची टाच उघडी असते, तेथे पट्टा असतो आणि तो आतून बूट घालून वापरावयाचा असतो. नानासोंचा जोड दुसऱ्या प्रकारचा होता, लालासाहेबांचा पहिल्या. मी किराणा दुकानातून वजने आणून प्रत्येक पंखाच्या टोकाला एक किलो टांगले. नानासोंचा पंख सव्वा इंच वाकला, लालासाहेबांचा पावणेपाच इंच.

"म्हंजे आमचा वाकत न्हाई," नानासो म्हणाले.

"वाकायचं कळतं तोच टिकतो," लालासाहेब म्हणाले, आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो की आपल्या कामाला तोंडात नळीही नाही आणि पाठीवर टाकीही नाही. माणूस श्वास रोखून सरळ खाली जातो आणि तळावर उभा राहून हाताने काम करतो. तेव्हा दोन्ही जोड आकारामने एकदा पाण्यात घालून पाहावेत, म्हणजे कोणता उपयोगी ते कळेल, किंवा कोणताच नाही हे कळेल.

या सूचनेचे स्वागत झाले. पण भाऊसो नावाचे एक संचालक कायद्याचे जाणकार होते, कारण त्यांच्या तीन केसेस सांगलीच्या कोर्टात चालू होत्या. त्यांनी अडचण दाखवली. परिपत्रकाप्रमाणे योग्य पादपंखाखेरीज पाण्यात उतरता येत नाही. पादपंख योग्य आहे की नाही हे चाचणीशिवाय ठरत नाही. म्हणजे चाचणी ही पाण्यात उतरण्याआधी झाली पाहिजे. सर्व संचालकांनी मान डोलावली. चाचणी जमिनीवर घेण्याचे ठरले. बिनविरोध.

२२ मार्चला कार्यालयापुढच्या मोकळ्या जागेत मी शंभर फूट मोजून दोन्ही टोकांना फक्कीची रेघ मारली. सुरुवातीला एक अडचण आली. आकारामने जन्मात पायात काही घातले नव्हते. त्याची बोटे पंख्यासारखी पसरलेली होती. पावलाची लांबी साडेनऊ इंच, रुंदी पाच. पुस्तिकेत लिहिले होते की पंख घट्ट असेल तर पायाला गोळा येतो आणि सैल असेल तर तो पाण्यात निघून जातो. आकारामच्या पायाला दोन्ही पंख टाचेशी सैल आणि बोटांशी घट्ट होत होते. ही शक्यता पुस्तिकेत नव्हती. लांब पंखात बूट लागतो म्हणून हरिबाने आपले पलटणीतले बूट दिले. त्यांना अठ्ठावीस वर्षे झाली होती आणि त्यांचे वजन प्रत्येकी दोन पौंड भरले.

निष्कर्ष असे : बूट आणि लांब पंख घालून शंभर फुटांना एक मिनिट बावन्न सेकंद, तीन वेळा पडणे. आखूड पंख घालून अठ्ठावन्न सेकंद, एकदा पडणे. अनवाणी, तेरा सेकंद. शेवटचा आकडा विषयाला धरून नसल्यामुळे अहवालातून वगळण्यात आला.

आकाराम पट्टा सोडवत खाली बसला होता. त्याच्या गुडघ्याला खरचटले होते. तो मला म्हणाला, "बीएस्सी, जाळी हाय सोळा फूट खाली. माजी परीक्षा चाललीया धुळीत. ह्यांची गाठ कवा पडायची रं?"

मी सांगितले की प्रक्रिया चालू आहे.

निष्कर्षावरून लालासाहेबांच्या गटाचे म्हणणे पडले की आखूड पंख दुपटीने वेगवान ठरला. नानासोंच्या गटाचे म्हणणे पडले की चाचणी चालण्याची झाली आणि चालायला चप्पल असते. शिवाय तीनदा पडूनही पंख तुटला नाही, यावरून त्याची गुणवत्ता सिद्ध होते. दोन्ही म्हणणी बरोबर होती. सभा तहकूब झाली. २४ मार्चला पुन्हा भरली आणि पुन्हा तहकूब झाली. २८ तारखेलाही तेच झाले. त्या तीन सभांत चहाचे एकशे सव्वीस कप झाले.

२८ मार्चच्या सभेला रंगूबाई दारात येऊन उभी राहिली. तिची १४ मार्चची पाळी पंप बंद असताना निघून गेली होती. तिच्या हातात उसाचा एक शेंडा होता. पाने सुरळीसारखी वळली होती. आदल्या दिवशीच मी मोजले होते : उंची तीन फूट चार इंच, हिरवी पाने पाच.

"आवं चेअरमनसाहेब," ती म्हणाली, "श्यावाळ धरलंय जाळीला. तुमी पंधरा दीस झालं पाय बघत बसलाय."

"रंगूबाई, हा पायाचा न्हाई, परिपत्रकाचा प्रश्न हाय," नानासो समजुतीने म्हणाले.

"मग परिपत्रक पाजा माज्या उसाला."

लालासाहेबांनी तिला बसायला सांगितले. पण खुर्च्या चौदाच होत्या, आणि पंधरावी आणली तर ती कोणत्या गटाच्या बाजूला ठेवायची हा प्रश्न होता. रंगूबाई कोणत्याच गटात नव्हती. नवरा लष्करात असल्याने तिच्या घरचे मत गेली नऊ वर्षे कोणी मागितले नव्हते. ती उभीच राहिली आणि थोड्या वेळाने निघून गेली. शेंडा टेबलावर राहिला. शिपायाने तो नंतर उचलला. तो शुक्रवार होता.

कोंडी फुटली ती २ एप्रिलच्या सभेत, आणि ती फोडली कोंडीबांनी. कोंडीबा सर्वांत वयस्कर संचालक होते. अकरा वर्षांत ते सभेत कधी बोलले नव्हते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. त्यांनी तंबाखू थुंकून येऊन विचारले, "पाय किती?"

"दोन," नानासो म्हणाले.

"आन गट?"

"त्ये बी दोनच," लालासाहेब म्हणाले.

"मग भांडताय कशापायी?" कोंडीबा म्हणाले आणि खाली बसले.

नानासोंच्या घड्याळाप्रमाणे अकरा सेकंद सर्वांनी आपापले पाय पाहिले. मग टाळ्या सुरू झाल्या. लालासाहेब उठून नानासोंच्या हातावर हात ठेवायला गेले आणि दोघांचेही डोळे पाणावले. गावातले त्या महिन्यातले ते पहिले पाणी. ठराव क्रमांक दोनशे अडतीस : एका पायात एका गटाचा व दुसऱ्या पायात दुसऱ्या गटाचा पादपंख घालण्यात यावा. बिनविरोध.

कोणता पाय कोणाला, यावर पुन्हा थोडा वेळ गेला. उजवा शुभ असतो म्हणून तो दोघांनाही हवा होता. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. मी कोणत्याच गटाचा नसल्यामुळे चिठ्ठी मी उचलली आणि निकाल वाचून दाखवला. निकालाची नोंद इतिवृत्तात आहे.

आता मला बोलणे भाग होते. मी फळ्यावर आकृती काढली. एक पंख ताठ आहे, एक मऊ आहे. एक पाणी जास्त ढकलेल, दुसरा कमी ढकलेल. दोन बाजूंना असमान बळ लागले की वस्तू सरळ जात नाही, वळते. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हात अंगालगत ठेवले तर माणसाला वळण सावरताही येणार नाही. आकाराम गोल फिरेल.

संचालकांनी आकृती लक्षपूर्वक पाहिली. भाऊसोंनी विचारले, "गोल फिरंल म्हंजे, कुणाच्या बाजूला?"

"ज्या पंखाचे बळ कमी त्याच्या बाजूला," मी म्हणालो.

यानंतर सुमारे वीस मिनिटे मला इतिवृत्त लिहिता आले नाही. बळ कमी कोणाचे, असा मुद्दा निघाला. लालासाहेबांच्या बाजूने चार संचालक उभे राहिले, नानासोंच्या बाजूने पाच. गेल्या निवडणुकीतली, मग त्याच्या मागच्या निवडणुकीतली, मग एका लग्नातली बळाची उदाहरणे निघाली. संस्थेचे पहिले विरोधी मत पडते की काय असे वाटू लागले. तेव्हा नानासोंनी स्वतः पुढाकार घेऊन ठराव मांडला आणि लालासाहेबांनी त्याला अनुमोदन दिले. ठराव क्रमांक दोनशे एकोणचाळीस : दोन्ही पादपंख समान बळाचे आहेत. बिनविरोध.

मी फळा पुसला. ठराव मी वळणदार अक्षरात लिहिला आणि त्यात खाडाखोड नाही.

जाळी लगेच दुसऱ्या दिवशी साफ करता आली असती. पण अशा प्रसंगाला गाव जमले पाहिजे म्हणून रविवार धरला, ६ एप्रिल. ५ एप्रिलला, शनिवारी, रंगूबाईची पाळी होती. मी सकाळी तिच्या शेतात गेलो. हिरवी पाने दोन. ती बांधावर बसली होती आणि पाटाकडे बघत होती. पाटात सरडा बसला होता. मी तिला सांगितले की उद्या नक्की होईल.

"उद्या माजी पाळी न्हाई," ती म्हणाली.

रविवारी डोहावर रंगूबाई धरून एकशे शहाऐंशी माणसे जमली. फिती दोन बांधल्या होत्या, एकाच वेळी कापल्या. आकारामच्या एका पायात हरिबाचा बूट आणि त्यावर लांब पंख होता, दुसऱ्या पायात नुसताच आखूड पंख. पुस्तिकेत पादपंख घालून उलटे चालावे असे लिहिले होते, म्हणून तो काठावरून पाण्याकडे चाळीस फूट उलटा चालत गेला, तोंड लोकांकडे करून, एका पायाने धप आणि दुसऱ्याने फट असा आवाज करत.

"आकाराम, नदी मागं हाय रं," गर्दीतून कोणीतरी म्हणाले.

"ठावं हाय. पर मोरं तोंड करायची परवानगी न्हाई."

तो पाण्यात शिरला. सूचनेप्रमाणे त्याने हात अंगालगत ठेवले आणि पाय मारायला सुरुवात केली. पहिले पाच फूट तो सरळ गेला. मग वळू लागला. मग वळतच राहिला. पाइप त्याच्यापासून एकोणीस फुटांवर होता. मी काठावर खुंट्या ठोकून दोन बाजूंनी दोऱ्या धरल्या होत्या. त्यांवरून वर्तुळाचा व्यास अकरा फूट चार इंच आला. पाच फेऱ्यांत त्यात एका इंचाहून जास्त फरक पडला नाही. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मला इतका स्वच्छ निकाल कधी मिळाला नव्हता.

लोक मात्र खूश होते. नानासोंचा गट वरच्या अंगाला उभा होता आणि लालासाहेबांचा खालच्या. वर्तुळ असल्यामुळे आकाराम प्रत्येक फेरीत एकदा एका गटाकडे तोंड करून येई आणि एकदा दुसऱ्या. तो ज्यांच्याकडे येई ते टाळ्या वाजवत. टाळ्या कोणत्याच बाजूला कमी पडल्या नाहीत. नानासो लालासाहेबांना म्हणाले, "बघा, एकानं वडलं आन दुसऱ्यानं सोडलं, आसं झालं न्हाई." लालासाहेबांनी ते मान्य केले.

सहाव्या फेरीला आकारामने काठचा खडक धरला. त्याला धाप लागली होती. त्याने आधी नानासोंकडे पाहिले, मग लालासाहेबांकडे.

"झालं का तुमचं?" तो म्हणाला. "आता माजं करू का?"

अनवाणी उतरण्यास मनाई होती. पण भाऊसोंनी परिपत्रक पुन्हा वाचले आणि त्यांच्या लक्षात आले की पादपंख 'पुरविल्याखेरीज' काम करू देऊ नये असे लिहिले आहे, आणि पुरविले तर होतेच. उरला प्रश्न पाहण्याचा. कोणी पाहिले नाही तर कोणाला लिहून द्यावे लागणार नाही. नानासोंनी घसा साफ केला आणि मावळतीकडे तोंड केले. लालासाहेबांनीही केले. मग दोन्ही गटांनी केले. हरिबा 'पीछे मुड' झाल्यासारखा टाचेवर फिरला. एकशे पंच्याऐंशी पाठी डोहाकडे झाल्या. त्यांत एक माझी होती. रंगूबाई तेवढी पाण्याकडे बघत राहिली.

मागून पंख दगडावर ठेवल्याचे दोन आवाज आले, मग बुटाचा, मग एकामागून एक बुड्या मारल्याचे. सात मिनिटे चाळीस सेकंदांनी पंपाच्या पाइपमधून पाण्याचा आवाज आला. आम्ही सर्व जण वळलो आणि टाळ्या वाजवल्या. मी अहवाल लिहिला : 'सदर इसम पादपंख घालून पाण्यात उतरला. जाळी साफ झाली.' दोन्ही वाक्ये खरी आहेत.

रंगूबाई तेथूनच कार्यालयात आली. तिने सांगितले की बाकी काही नको, आज एक दिवस पाणी द्या. नानासोंनी मला पाळीची वही काढायला लावली. वहीत रोजच्या तारखेपुढे सभासदाचे नाव आधीच लिहिलेले असे आणि दिवस संपला की पुढे 'पाळी दिली' असे लिहून सही होई. पंप चालू आहे की बंद, असा रकाना वहीत नव्हता. १४ मार्च, रंगूबाई, पाळी दिली. ५ एप्रिल, रंगूबाई, पाळी दिली. दोन्ही ठिकाणी सही माझी होती.

तरीही संचालकांना वाईट वाटले. जादा पाळी देण्यास दोन्ही गट तयार होते. पण एक जादा पाळी दिली तर दुसरी द्यावी लागणार, आणि दोन गटांत मिळून दोन द्याव्यात तर रंगूबाई कोणत्या गटाच्या हिशेबात धरायची ते ठरेना. पंचवीस दिवसांत दोन्ही पाळ्या हुकलेले आणखी दोघे होते. ते दोघे संचालक होते आणि त्यांच्या विहिरींना पाणी होते. विषय पुढच्या सभेवर गेला. पुढची पाळी २७ एप्रिल.

९ एप्रिलला जिल्ह्याच्या त्या कार्यालयाचे उत्तर आले. नदीतल्या जाळीच्या कामाला हे परिपत्रक लागू आहे का, असे मी १३ मार्चला पत्र लिहून विचारले होते. उत्तरात लिहिले होते की सदर परिपत्रक मुंबईहून आले तसे पुढे पाठवण्यात आले असून ते फक्त समुद्रात काम करणाऱ्या संस्थांसाठी आहे. आपल्या गावाच्या हद्दीत समुद्र असल्यास त्याची लांबी, रुंदी व सरासरी खोली उलट टपाली कळवावी. मंडळाने यासाठी द्विसदस्य समिती नेमली, प्रत्येक गटाचा एक. समितीचा अहवाल अद्याप आलेला नाही.

रंगूबाईने २३ एप्रिलला ऊस वैरणीसाठी कापला. मी त्या दिवशी हजर होतो. उंची तीन फूट चार इंच. हिरवी पाने शून्य. एका एकरात एकशे बारा पेंढ्या झाल्या आणि त्यांतल्या एकतीस जनावरांनी तोंड लावून सोडून दिल्या. दुसऱ्या दिवशी ती विळा घेऊनच संस्थेच्या कार्यालयात आली होती.

ही हकीकत मी आजवर एकेचाळीस जणांना सांगितली आहे. कराडात, सांगलीत, काही एसटीत, तिघांना म्हसवडच्या यात्रेत. त्यांतले कोणी हिंगणटेकचे नव्हते आणि नानासो किंवा लालासाहेब कोणाच्या ओळखीचे नव्हते. ऐकून झाल्यावर प्रत्येकाने पहिला प्रश्न कोणता विचारला, याची मी नोंद ठेवली. ती अशी :

उजवा पाय कोणत्या गटाला गेला : चौतीस.

पादपंख आता कोणाकडे आहेत : पाच.

आकारामला नारळ मिळाला का : दोन.

रंगूबाई विळा घेऊन कशाला आली होती : शून्य.